नीडल फेल्टिंगसाठी लोकर किती घ्यावी, याचा अंदाज कसा बांधावा?

नीडल फेल्टिंगने, म्हणजे लोकर सुईने टोचून टोचून घट्ट करत, 8 सेंमी उंचीचा बसलेला कोल्हा करण्यासाठी किती ग्रॅम लोकर आणि कोणते सामान घ्यावे, असे आपण विचारले आहे. याला एकच ठरलेला आकडा सांगता येत नाही, कारण कोणाचा हात सैल असतो, कोणाचा घट्ट, आणि त्यानुसार त्याच आकाराच्या वस्तूत मावणारी लोकर बदलते. स्वतःच्या हाताचे माप मात्र एकदा काढून ठेवले, की पुढचा हिशेब बराच नेमका होतो.

लोकर नजरेने मोजू नये. पिंजलेल्या लोकरीच्या पुंजक्यात बहुतांश हवाच असते आणि ओंजळभर पुंजका सुईखाली दबत दबत लिंबाएवढा होतो. म्हणून जी लोकर वापरणार आहात तिचाच 4 सेंमी व्यासाचा एक गोळा करा, अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहणार नाही इतका घट्ट होऊ द्या आणि मग त्याचे वजन करा. माझा असा गोळा सुमारे 6 ग्रॅम भरतो. त्याचे घनफळ साधारण 33.5 घन सेंमी असते, म्हणजे माझ्या हाताला दर घन सेंमीमागे 0.18 ग्रॅम लोकर लागते.

आता कोल्ह्याचे घनफळ हवे. त्यासाठी मी तेलकट मॉडेलिंग क्लेचा ओबडधोबड कोल्हा करते आणि मापाच्या भांड्यातील पाण्यात पूर्ण बुडवते. पाणी जितके मिलिलिटर चढते, तितके घन सेंमी. समजा 90 मिलिलिटर चढले, तर माझ्या हाताला 16 ग्रॅमच्या आसपास लोकर लागेल. हाच कोल्हा 16 सेंमी उंच करायचा झाला, तर दुप्पट लोकर पुरणार नाही, आठपट म्हणजे सुमारे 130 ग्रॅम लागेल.

रंगीत लोकरीचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण गाभा साध्या पिंजलेल्या लोकरीचा असतो आणि रंग केवळ वरच्या थरात येतो. 4 सेंमीच्या गोळ्यावर 3 मिमी जाडीचा थर असेल, तर एकूण घनफळाचा जवळपास 39 टक्के भाग त्या थरातच असतो. 8 सेंमीच्या गोळ्यात तितक्याच जाडीचा थर 21 टक्क्यांवर येतो. म्हणजे वस्तू जितकी लहान, तितका रंगाचा वाटा मोठा. आपल्या कोल्ह्यासाठी 6 ग्रॅम रंगीत लोकर धरावी, त्यात बहुतेक नारिंगी आणि छाती, शेपटीचे टोक व पंजे यांसाठी थोडी पांढरी आणि काळी. कान आणि पाय बारीक असल्याने ते मी आतूनबाहेरून रंगीत लोकरीचेच करते. पांढऱ्या गाभ्यावर काळा रंग पातळ दिला तर खालचे तंतू डोकावतात, म्हणून तिथे हात राखून चालत नाही.

आलेल्या आकड्यावर पाचवा हिस्सा वाढवून सर्व रंग एकाच वेळी घ्यावेत. घुबड दुप्पट उंचीचे करताना मी तपकिरी लोकरही दुप्पटच घेतली होती, पण थराला चौपट लागते हे लक्षात घेतले नव्हते. दुसऱ्या पंखापाशी लोकर संपली, आणि नंतर आणलेली त्याच नावाची लोकर वेगळ्या डाय लॉटची, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेल्या खेपेतली, किंचित लालसर निघाली. ती सांधरेषा आजही दिसते.

सुयांमध्ये आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. गाभ्यासाठी 36 किंवा 38 क्रमांकाच्या आणि वरच्या थरासाठी 40 क्रमांकाच्या, प्रत्येकी तीन सुया असाव्यात. सुई आत गेल्यावर तिरकी झाली की तुटू शकते, त्यामुळे ज्या कोनात टोचली त्याच कोनात बाहेर काढावी. खाली किमान 5 सेंमी जाडीचा दाट फोम आणि बोटांसाठी चामड्याची टोपणे घ्यावीत. बसलेल्या कोल्ह्याला तारेचा सांगाडा लागत नाही.