टरफलांच्या अर्कात निवृत्तीची बचत गुंतवावी का?

आपण दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहात. एक परिचित डाळ गिरण्यांतील टरफलांपासून अँटिऑक्सिडंटयुक्त अर्क काढून तो आरोग्यपूरके बनवणाऱ्या कंपन्यांना विकू पाहत आहेत. त्यांच्या प्रकल्पात निवृत्तीसाठी साठवलेल्या रकमेचा ४० टक्के भाग आणि घर तारण ठेवून काढलेले कर्ज गुंतवावे का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की घर तारण ठेवू नये, आणि बचतीतूनही आज एवढी मोठी रक्कम देऊ नये.

कल्पना पोकळ नाही, हे आधी सांगितले पाहिजे. कडधान्यातील टॅनिन आणि फ्लेव्होनॉइड ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये मुख्यतः सालीत साठलेली असतात. मसुराच्या टरफलांत किंवा शेंगदाण्याच्या लाल सालीत ती भरपूर असतात, तर फिकट सालीच्या वाणांत फारच कमी. त्यामुळे ‘टरफल’ हा एकच कच्चा माल नव्हे. वाण, हंगाम आणि साठवण बदलली की अर्काची ताकद बदलते, आणि पूरक बनवणाऱ्या ग्राहकाला मात्र प्रत्येक बॅचमध्ये तेच प्रमाण हवे असते.

आपल्या परिचितांच्या हिशेबात कच्चा माल जवळजवळ फुकट धरला आहे. टरफले आणि चुनी पशुखाद्यात आजही विकली जातात, आणि नियमित खरेदीदार आला की गिरणीमालक भाव वाढवणारच. तरीही माझी खरी शंका द्रावकाच्या, म्हणजे टरफलांतून अर्क विरघळवून काढणाऱ्या द्रवाच्या, खर्चाविषयी आहे. केवळ उदाहरण म्हणून धरा की १०० किलो टरफलांना १,००० लिटर पाणीमिश्रित इथेनॉल लागले आणि ५ किलो कोरडा अर्क मिळाला. द्रावक ९५ टक्के परत मिळाले, तर एक किलो अर्कामागे १० लिटर वाया जाते, आणि ९० टक्केच मिळाले, तर २० लिटर. कागदावर पाच टक्क्यांचा दिसणारा हा फरक प्रत्यक्षात तो खर्च दुप्पट करतो. शिवाय उरलेला ओला चोथा वाळवणे किंवा त्याची विल्हेवाट लावणे हा खर्च आपण पाठवलेल्या तक्त्यात मला कुठेच दिसला नाही.

मालाच्या शुद्धतेचा प्रश्नही थेट पैशाचाच आहे. कीटकनाशकांचे अवशेष बहुधा सालीवरच राहतात आणि दमट साठवणीत बुरशी धरते. शेंगदाण्याच्या बाबतीत अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची भीती असते, आणि शेंगदाणा व सोयाबीन हे ॲलर्जी निर्माण करणारे घटक असल्याने काही खरेदीदार त्यांचा अर्क घ्यायलाच तयार होत नाहीत. एक बॅच नाकारली गेली तर महिन्याभराचे खेळते भांडवल अडकते.

प्रयोगशाळेतील अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यांवर आपल्या परिचितांचा भर आहे. अशाच ‘ओरॅक’ (परीक्षानळीत मोजलेली अँटिऑक्सिडंट क्षमता) मूल्यांची अन्नपदार्थांची यादी अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ साली मागे घेतली, कारण परीक्षानळीतील ती क्षमता माणसाच्या शरीरातील परिणाम सांगत नाही आणि जाहिरातींत तिचा गैरवापर होत होता. युरोपीय संघात तर १५ मे १९९७ पूर्वी लक्षणीय प्रमाणात खाण्यात नसलेल्या घटकाला विक्रीपूर्वी परवानगी लागते. टरफलांचा संहत अर्क त्या नियमात बसतो का, हे निर्यातीची स्वप्ने रंगवण्याआधी लेखी स्वरूपात विचारून घ्यावे. (आपल्याला पाठवलेल्या पत्रकात ‘हृदयासाठी उपयुक्त’ असे ठामपणे छापले आहे. त्या वाक्याची कायदेशीर जबाबदारी भागीदार म्हणून आपल्यावरही येऊ शकते.)

सहभागी व्हायचेच असेल, तर पूर्ण बुडाली तरी निवृत्तीचे वय पुढे ढकलावे लागणार नाही एवढीच रक्कम ठरवा. आपल्या स्थितीत ती बचतीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असावी, असे मला वाटते. तीही एकरकमी देऊ नका. पहिल्या हप्त्यातून यंत्रे घेण्याऐवजी ज्यांच्याकडे अर्क काढण्याची सोय आधीच आहे त्यांच्याकडून मोबदला देऊन तीन वेगवेगळ्या हंगामांतील मालाच्या चाचणी बॅच काढून घ्याव्यात आणि त्या स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासाव्यात. दुसरा हप्ता नमुना मंजूर करून किमान प्रमाण आणि भाव लिहून देणारा खरेदीदार मिळाल्यावरच द्यावा. नुसती खरेदीची इच्छा कळवणारे इरादापत्र म्हणजे खरेदीचा करार नव्हे.

कर्जाला वैयक्तिक जामीन राहण्यास मात्र स्पष्ट नकार द्या, कारण मर्यादित दायित्वाच्या कंपनीतही त्या एका सहीने घर पुन्हा पणाला लागते. परिचितांना हे दोन हप्ते मान्य नसतील, तर त्यांचा तक्ता खरेदीदाराच्या नावाशिवायच बनला आहे असे समजावे.