कोकणात मुंबई-गोवा महामार्ग टाळून सायकलने जायचं तर कुठला रस्ता घ्यावा, आणि तिथले चढ साध्या गिअरच्या सायकलला झेपतील का?

तुम्ही हातात चार-पाच दिवस आहेत, सायकल हायब्रिड आहे आणि ट्रकच्या मागे धूर खात जायचं नाही, असं लिहिलंय. मग दिघी ते रत्नागिरी करा. महामार्गाला स्पर्शही न करता, किनाऱ्याकिनाऱ्याने.

हा रस्ता शांत का आहे ते आधी समजून घ्या, कारण सगळं नियोजन त्यावरच बसतं. रेवस-रेड्डी सागरी मार्ग कागदावर एक असला तरी मोठ्या खाड्यांनी त्याचे तुकडे पडलेत. तुमच्या वाटेवर पहिली राजपुरीची, आगरदांडा ते दिघी. मग सावित्रीच्या मुखावर बागमांडला-वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे आणि शास्त्री नदीवर तवसाळ-जयगड. या चारही ठिकाणी गाड्या नेणारी फेरीबोट आहे. लांब पल्ल्याच्या ट्रकला बोटीची वाट बघायला वेळ नसतो, तो महामार्ग धरतो. उरतात एसटी, दुचाक्या, टेम्पो, पर्यटकांच्या गाड्या आणि पाऊस संपल्यावर चिरेखाणींचे डंपर. खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते झाले की ही शांतता किती टिकेल ही मला शंकाच आहे.

आता यातली खरी मेख. इथली रहदारी बोटीच्या फेऱ्यांप्रमाणे झुंडीने येते. बोट धक्क्याला लागली की सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि नेमक्या धक्क्यावरून वर जाणाऱ्या अरुंद चढावर तुमच्या पाठीशी येतात. म्हणून बोटीतून उतरलात की लगेच पॅडल मारू नका. टपरीवर चहा घ्या, सगळ्यांना पुढे जाऊ द्या. दहा मिनिटांनी निघालात तर मागून येणारी पुढची झुंड थेट पुढच्या फेरीची.

बोटीत चढता-उतरता सायकलवर बसू नका, ती हातात धरून चालत न्या. धक्क्याचा सिमेंटचा उतार ओहोटीला उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं आणि डिझेलचा तवंग. बोटीची लोखंडी फळी आणि सिमेंट यांच्यात फट राहते; चाक तिरकं गेलं तर नेमकं तिथे अडकतं. तेव्हा चाक फटीला काटकोनात न्यायचं. खारं पाणी उडालं तर मुक्कामी चेन गोड्या पाण्याने पुसा आणि तेलाचे थेंब सोडा. नाहीतर दुसऱ्या दिवशी ती कुरकुरायला लागते आणि तिसऱ्या दिवशी कड्यांवर तांबूस गंज दिसतो.

चढांबद्दल. घाटात एकदा चढलं की काम संपतं, इथे तसं नाही. खाडीकाठचं गाव समुद्रसपाटीला आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. चढा, सड्यावर दोन-चार किलोमीटर सपाट जा, मग सगळी कमाई उतारावर घालवून पुन्हा शून्यावर या. असं दिवसात सहा वेळा सव्वाशे मीटर केलंत तरी साडेसातशे मीटर झाले, आणि एकाही चढाला कुणी नाव दिलेलं नसतं! म्हणून सामानासकट दिवसाला 50 ते 60 किमी धरा. सपाटीवर शंभर मारणाऱ्यानेही पहिल्या दिवशी 70 च्या वर जाऊ नये.

चढ छोटे पण खडे असतात, 8 ते 10 टक्के सहज. गिअरचा हिशोब असा मांडा: माणूस 70 किलो, सायकल 13, सामान 10, मिळून 93. पुढे 34 दात्यांचं चक्र आणि मागे सगळ्यात मोठं 32 चं असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर जाते. मिनिटाला 60 फेरे म्हणजे ताशी 8 किमी, आणि 10 टक्क्यांच्या चढावर त्याला 220 वॉटच्या आसपास ताकद लागते. हौशी माणूस तासभर 140-150 वॉट टिकवतो. बाकीची ताकद गुडघ्यातून येते आणि ती रात्री वसूल होते. उलट पुढे 22, मागे 34 असेल तर त्याच फेऱ्यांना वेग ताशी 5 किमी आणि ताकद 135 वॉट. म्हणजे तुमच्या हायब्रिडला पुढे तीन चक्रं असतील तर रस्त्याच्या महागड्या सायकलीपेक्षा तुम्ही सुखात असाल. दोनच असतील तर निघण्यापूर्वी मागची कॅसेट (चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच) 34 किंवा 36 दात्यांची करून घ्या, पण तुमच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला, ती चालते का हे मेकॅनिकला आधी विचारा. एवढं करूनही उतरून ढकलावं लागलं तर ढकला, त्यात लाज कसली.

डावीकडे वळणाऱ्या चढाच्या वळणाला सावध राहा. आपण डाव्या बाजूने जातो, म्हणजे वळणाच्या पोटातून, आणि तिथेच चढ सगळ्यात उभा असतो. वळणाच्या आधीच गिअर हलका करा. जोर लावताना बदललात तर चेन उतरते आणि तुम्ही भर वळणात एक पाय टेकून उभे.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर रिम तापते आणि सामानाच्या ओझ्याखाली ट्यूब फुटू शकते. सरळ भागात दोन्ही ब्रेक जोराने दाबून वेग कमी करा, मग सोडा, वळणात शिरण्यापूर्वी पुन्हा दाबा. नोव्हेंबरमध्ये झाडीखालच्या सावलीत शेवाळ अजून ओलं असतं. बाकीच्या दिवसांत वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, ती छर्ऱ्यांसारखी सरकते. म्हणून टायर 32 मिमीपेक्षा बारीक नको, 35-38 उत्तम. 35 च्या टायरला मागे 55-60 आणि पुढे 45-50 पीएसआय हवा पुरते. दगडासारखी टणक हवा भरून लोक स्वतःचे मनगट आणि कंबर दुखवून घेतात.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. हिवाळ्यात दुपारी वारा समुद्रावरून वायव्येकडून येतो, तो पाठीला मिळतो. शिवाय समुद्र उजवीकडे राहतो, म्हणजे दरीची कडा पलीकडे आणि तुम्ही डोंगराच्या बाजूला. त्या बाजूला पाण्याची चर असते तेवढी सांभाळा. गवताने झाकलेली असेल तर दिसतसुद्धा नाही.

मुक्काम साधारण असे. पहिल्या दिवशी दिघी, दिवेआगर, शेखाडीवरून श्रीवर्धन. दिवेआगर-श्रीवर्धनचा हा किनाऱ्याचा रस्ता वीसेक किमीचा, आणि सगळ्या वाटेत मला सर्वात आवडतो तो हाच. जमलं तर त्याच दिवशी हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याची बोट, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड. नकाशात मुरूड दोन आहेत, हे दापोली तालुक्यातलं. दापोली शहर वर सड्यावर आहे. सायकलचं काम नसेल तर उगाच चढू नका. तिसऱ्या दिवशी दाभोळहून बोटीने गुहागर. चौथ्या दिवशी हेदवी, तवसाळ, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प असल्याने तिथून निवळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड ट्रक असतात, त्या रस्त्याला लागू नका. पाचव्या दिवशी आरे-वारे मार्गे रत्नागिरी, 25 किमी. रेल्वे स्टेशन शहरापासून लांब आणि उंचावर आहे, तेव्हा गाडीच्या वेळेआधी दोन तास हातात ठेवा. सायकल पार्सल ऑफिसात नोंदवायलाही वेळ जातो.

मोबाईलचा नकाशा तुम्हाला सारखा महामार्गाकडे ओढेल. मधली गावं एकेक टाकूनच रस्ता आखा.

काळ मध्य नोव्हेंबर ते मध्य फेब्रुवारी. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते एक जानेवारी टाळा. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी येतात, तेव्हा या रस्त्यांनाही श्वास नसतो. शक्यतो सोमवारी निघा. सकाळी उजाडताच सुरुवात करून साडेअकराला सावली गाठा. सड्यावर झाड नसतं आणि काळा कातळ खालून भाजतो. शेवटच्या बोटीवर भिस्त ठेवू नका. वेळा त्याच दिवशी धक्क्यावर किंवा मुक्कामाच्या घरी विचारून घ्या.

पाणी दोन लिटर जवळ हवंच. गावात कोकम सरबत मागताना साखर कमी, मीठ जास्त सांगा. घरगुती खानावळीत आयत्या वेळी जेवण मिळेलच असं नाही, सकाळीच फोन करून ठेवा. केळी आणि शेंगदाण्याची चिक्की खिशात असू द्या.

सुटे भाग: दोन ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, पंप, अ‍ॅलन की, चेनची जोडकडी, ब्रेक पॅडची एक जोडी, डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला अडकवणारा छोटा तुकडा). 26 इंची ट्यूब तालुक्याच्या गावी कदाचित मिळेल, हायब्रिडच्या 700 मापाच्या चाकाची मिळेल असं धरूच नका. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर त्याचा पितळी अ‍ॅडॅप्टर घ्या. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्या वॉल्व्हला बसत नाही, आणि दोघेही एकमेकांकडे बघत राहता.