नागपूरचं बिल वाचून

बेटा,

तुझ्या फायबरच्या बोटीच्या दुरुस्तीच्या बिलाचा फोटो पाहिला. साडेअकरा हजार! "काका, एवढ्यात मी घरीच सगळं केलं असतं," असं तू लिहिलंस. सगळं नाही, पण निम्मं नक्की केलं असतंस.

नीट वाच ते. इंजिन नेण्या-आणण्याचं भाडं २,८००. प्लग, गिअर ऑइल, इंपेलर (इंजिनाला थंड ठेवणारं पाणी खेचणारं रबरी चाक) हा माल त्या मानाने किरकोळ. बाकी मजुरी, आणि तीही जास्त करून बोटीच्या तळाच्या दोन ठिगळांची. गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात, तेव्हा ठिगळं दरवर्षीच लागणार. ती शिकून घे.

बोट उलटी करून सावलीत आठ-दहा दिवस वाळू दे. आत ओल राहिली तर रेझिन, म्हणजे ठिगळाचा चिकट द्रव, धरत नाही, पावसाळ्यात ठिगळ पापडासारखं सुटतं. तडा वरवर बुजवू नकोस. दोन्हीकडून उतरता घासून घे, मॅटला, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाला, पसरून बसायला जागा हवी. घासताना तोंडाला मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर काचेचं कुसळ दोन दिवस झोपू देणार नाही.

रेझिन कडक करणारं हार्डनर त्यात १ ते २ टक्के घालतात. आपल्या मे महिन्यात १ च्या आसपासच ठेव. मी पहिल्यांदा भर दुपारी अर्धा किलो एकदम कालवलं होतं. ब्रश बुडवेपर्यंत डबा हाताला चटके देऊ लागला, धूर निघाला आणि आत दगडासारखा गोळा. तुझी काकू अजून हसते. तेव्हापासून पहाटे ५ ते ८ एवढीच वेळ, आणि एका वेळी चहाच्या दोन कपांएवढाच माल. रेझिन लवकर धरावं म्हणून त्यात कोबाल्ट लागतं; दुकानात ते आधीच घातलेलं रेझिन माग. सुटं कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो, स्फोटही होतो. यात गंमत नाही.

आता इंजिन. प्लग, गिअर ऑइल घरी बदल. इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार रोज बघ. बारीक झाली की इंजिन बंद कर, पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी जलकुंभी किंवा गाळ अडकलेला असतो. आणि दर पंधरा दिवसांनी इंजिनाचा पाण्यातला पंखा काढ. आपल्याच जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे दांड्याला गुंडाळला जातो, गरम होऊन घट्ट बसतो आणि ऑइल सील, म्हणजे तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी, कापतो. माझ्या इंजिनाचं गिअर ऑइल एकदा दुधाच्या चहासारखं निघालं. पाणी शिरलंय हे कळलं होतं, तरी हंगाम आहे म्हणून ढकललं. काहीशे रुपयांचं सील होतं. दिवाळीत गिअर गेला, १७ हजार मोजले. सील मात्र मिस्त्रीकडूनच बसवून घे. तिथे दाब देऊन गळती तपासतात, ते आपल्याकडे होत नाही. मी एकदा हातोडीने ठोकून बसवलं होतं, आठ दिवस टिकलं.

स्वतः केलं म्हणजे फुकट झालं, असंही धरू नकोस. माझा बाप लाकडी डोंग्याच्या सांदीत कापूस आणि डांबर भरायचा, आणि उन्हाने फळ्या आकसल्या असतील तर आधी डोंगा पाण्यात बुडवून फुगवायचा. चार-पाच दिवस जायचे. कोणी मोजायचं नाही, कारण डोंग्यावर बँकेचा हप्ता नव्हता. तुझ्यावर आहे. म्हणून ठिगळांची कामं एप्रिल-मेमध्ये उरक, मासळीच्या दिवसांत बोट उलटी पडायला नको.

रविवारी बोट घेऊन ये, पंखा काढून दाखवतो. येताना पवनीहून पंख्याचा नट अडकवणारी नवी स्प्लिट पिन आण, दोन आण. जुनी सरळ करून परत घालू देणार नाही.

तुझा,
काका