फॉर्मवर ‘नाही’ लिहू नका

प्रश्न : मुलाला अठरावं लागलं आहे. बारावीला ६१ टक्के मिळाले. त्याला स्कूबा डायव्हिंगचा इन्स्ट्रक्टर करायचं मी ठरवलं आहे. मागच्या महिन्यात ओळखीची, म्हणजे कोर्सआधी अनुभव घेण्यापुरती एक डाईव्ह करायला लावली, पण मास्कमध्ये पाणी शिरताच तो घाबरून वर आला आणि उरलेला वेळ सिलिंडर भरायच्या कॉम्प्रेसरपाशी बसून राहिला. ही भीती मोडायची कशी? लहानपणी त्याला दमा होता, आता काही त्रास नाही. मेडिकल फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं तर चालेल ना? वर्षभरात इन्स्ट्रक्टर होईल असा कोर्स सुचवा.

उत्तर : नमस्कार. आधी फॉर्मचं बोलू. चालणार नाही.

आता त्रास नाही म्हणजे दमा मोजायचा नाही, हा समज फार घातक आहे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम आहे : श्वास कधीही रोखायचा नाही. हवेला बाहेर पडायला वाट मोकळी हवी. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आकसल्या तर श्वास न रोखताही हवा आत अडकते, फुप्फुस फाटू शकतं आणि बुडबुडे रक्तातून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यात सिलिंडरमधली हवा कोरडी आणि थंड, म्हणजे नलिका आकसायला आणखी एक निमित्त. लहानपणी दमा होता म्हणून दार कायमचं बंद होतं असंही नाही. फॉर्मवर ‘हो’ लिहायचं, डॉक्टर फुप्फुसांची तपासणी करतात आणि पुष्कळांना परवानगी मिळतेही. तपासणी टाळून पुढे गेलात तर जोखीम तुमच्या मुलाच्या छातीवर येते. तुमच्या नाही.

पण तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट मला याहून जास्त खुपली. ‘मी ठरवलं’, ‘करायला लावली’, ‘भीती मोडायची’. मुलगा काय म्हणाला, हे अख्ख्या पत्रात कुठेच नाही. डायव्हिंगमध्ये पहिल्या दिवसापासून शिकवतात की कोणीही, कुठल्याही क्षणी, कारण न देता डाईव्ह थांबवू शकतो आणि त्याला जाब विचारायचा नसतो. अंगठा वर, म्हणजे ‘वर जाऊया’ अशी खूण केली की जोडीदाराने सोबत वर यायचं, बस. वडील नाराज होतील म्हणून पाण्याखाली ज्याचा अंगठा वर जात नाही, तो मुलगा धोक्यात असतो. उद्या तो इन्स्ट्रक्टर झाला तर त्याच्या मागे पोहणारे शिकाऊही धोक्यात येतील.

तो घाबरला यात गैर काही नाही. मास्कमधलं पाणी काढणं हे शिकायचंच कौशल्य आहे : मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, नजर किंचित वर, नाकाने हवा सोडायची. ओपन वॉटर या पहिल्या कोर्समध्ये हे आधी उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा करून घेतात, मग मास्क पूर्ण काढून परत चढवायलाही लावतात. ओळखीच्या डाईव्हमध्ये एवढ्या सरावाला वेळच नसतो. तुमच्या मुलाला हे नीट शिकवायच्या आधीच तुम्ही त्याला भित्रा ठरवून मोकळे झालात.

मार्ग एका दमात सांगते : ओपन वॉटर (१८ मीटरपर्यंत), ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू, वयाची १८ पूर्ण झाल्यावर डाईव्हमास्टर (इतरांना डाईव्हवर सोबत नेणारा मार्गदर्शक), आणि पॅडीसारख्या डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेत इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसायला १०० डाईव्हची नोंद. वर्षभरात हे कागदावर बसतं. पण एवढ्या घाईत तयार झालेल्या इन्स्ट्रक्टरच्या हाती मी कोणाचं मूल देणार नाही.

आता त्या कॉम्प्रेसरकडे या. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात आशेची ओळ तीच वाटली. २०० बारच्या, म्हणजे साध्या हवेच्या दोनशे पटीच्या आसपास दाबाने हवा भरणारं ते यंत्र सांभाळणं ही मोठी जबाबदारी आहे. फिल्टर वेळेवर बदलला नाही किंवा इंजिनाचा धूर हवा ओढणाऱ्या नळीजवळ गेला, तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला ना वास ना रंग. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला झेपेल अशा दाबाने तोंडापर्यंत देणारं उपकरण) उघडून ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी कडी बदलणं, दाब पुन्हा जुळवणं, सिलिंडरची आतून तपासणी, हे सगळं जाणणारी माणसं प्रत्येक डाईव्ह सेंटरला लागतात, आणि हे काम पाण्यात न उतरताही करता येतं. यंत्र अभियांत्रिकीच्या डिप्लोमाला ६१ टक्के ही काही अडचण नाही. सोबत रेग्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांचं दुरुस्तीचं प्रशिक्षणही घेता येईल.

म्हणून आज कुठल्याही कोर्सचे पैसे भरू नका. कॉम्प्रेसरपाशी काय पाहत होतास, एवढंच त्याला विचारा आणि तो बोलत असताना मध्ये सल्ला देऊ नका. तो यंत्रांबद्दल बोलला तर डिप्लोम्याची चौकशी त्यालाच करू द्या. पाण्याबद्दल बोलला तर मेडिकल फॉर्म त्याच्या हातात द्या. दम्याच्या रकान्यात काय लिहायचं ते त्याला माहीत आहे. ओपन वॉटरला वरची वयोमर्यादा नाही. पाच वर्षांनी तो आपणहून म्हणाला, तरी उशीर झालेला नसेल.