गणपतआबा शेतकरी होते की वकील?

प्रश्न : सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख हे नांगर सोडून थेट विधानसभेत गेले आणि एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातील विक्रम त्यांच्या नावावर आहे, असे आमच्या कट्ट्यावर ठासून सांगितले जाते. यात खरे किती?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. गणपतरावांचा जन्म १९२६ साली मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. घर शेतकऱ्याचे, पण शिक्षण कायद्याचे. शेतकरी कामगार पक्षात ते तरुणपणीच आले आणि १९६२ मध्ये सांगोल्यातून प्रथम निवडून गेले, तेव्हा त्यांच्या नावामागे वकिली होती. तरीही कट्ट्यावरच्या मंडळींना मी खोटे ठरवणार नाही, कारण सांगोल्यासारख्या कायम दुष्काळी तालुक्यात आमदाराला पाणी, चारा आणि रोजगार हमीची कामे यांखेरीज दुसरे राजकारण करताच येत नव्हते. १९९० मध्ये राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली, खड्डे खोदण्यापासून रोपे जगवण्यापर्यंतचा खर्च मिळू लागला आणि जिथे ज्वारीही धड हाती लागत नव्हती अशा मुरमाड रानात डाळिंब उभे राहिले. बहार धरण्यासाठी या झाडाचे पाणी मुद्दाम तोडून त्याला ताण द्यावा लागतो. पाण्याला कायम महाग असलेल्या तालुक्याला याहून सोयीचे पीक कोणते मिळणार! याचे सारे श्रेय एका माणसाला देणे अर्थातच बरोबर नाही, पण १९९९ नंतरच्या आघाडी सरकारात गणपतराव मंत्रीही होते, हे लक्षात ठेवावे.

आता विक्रमाविषयी. सांगोल्यातून ते ११ वेळा निवडून आले आणि महाराष्ट्रात ही बरोबरी कोणी केलेली नाही. देशाचा विचार केला, तर केरळमधील पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा विजयी झाले होते, त्यामुळे तो दावा सोडून द्यावा. मला स्वतःला त्यांच्या विजयांपेक्षा दोन पराभव अधिक बोलके वाटतात. १९७२ मध्ये ते हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले; १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी पडले आणि १९९९ मध्ये त्याच पक्षाकडून, त्याच तालुक्यातून पुन्हा उभे राहून जिंकले. पक्ष राज्यभर आटत चालला असतानाही त्यांनी दुसरे घर शोधले नाही.

एसटीत लोकप्रतिनिधींसाठी राखीव आसन असते, हे आपण पाहिले असेलच. आमदार काही येत नाहीत, या खात्रीने आपण सगळेच त्यावर निर्धास्त बसतो. सांगोल्याच्या गाडीत मात्र अनेकांना तिथून उठावे लागले असेल, कारण आबा खरोखरच एसटीने प्रवास करीत. २०१४ ची निवडणूक त्यांनी ८८ व्या वर्षी जिंकली, २०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत आणि ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.