कंपनी शेअर कोड मागते, द्यायचा की नाही?

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलंय, बोललेलं कोणीतरी टाइप करून दिलंय असं वाटतं. थोडक्यात असं आहे:

"पोरगी इंग्लंडले लेस्टरले एमएस्सी झाली, आता तिथंच दोन वर्षाच्या ग्रॅज्युएट व्हिसावर हाय. एका कंपनीनं नौकरी देतो म्हनलं, ऑफर लेटर बी आलं, पन आता म्हंतात का तुले इथं काम करायचा हक्क हाय याचा पुरावा दे, शेअर कोड पाठव. गावात सगळे म्हंतात कोड कोनाले सांगू नका, खातं खाली होईन. ज्या एजंटनं व्हिसा केला तो म्हंते दोन लाख द्या, वर्क परमिटचं पक्कं पत्र काढून देतो. आन फॉर्मवर पुढं स्पॉन्सरशिप लागन का म्हून विचारलं तिथं सरळ नाही लिहा म्हंते. मी डोमिसाईल, पोलीस पाटलाचा दाखला, कॅरेक्टर सर्टिफिकेट काढून ठेवू का? लहान्या पोराचं बी विचारायचं हाय, आयटीआय फिटर झाला, एक जन त्याले दुबईले नेतो म्हंते, व्हिजिट व्हिसावर."

भाऊ, रामराम. सगळ्यात आधी त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका, बाकी सगळं सावकाश वाचा आणि हे पोरीलाही पाठवा.

कंपनी जे मागतेय ते बरोबर मागतेय. तिकडं याला राइट टू वर्क चेक, म्हणजे काम करायच्या हक्काची तपासणी, म्हणतात आणि पोरगी आपली आहे, भारतातली आहे म्हणून तिच्यावर संशय घेतलाय असं बिलकुल मनात आणू नका, कारण तिथल्या कंपन्या हा चेक प्रत्येक नवीन माणसाचा करतात, तिथंच जन्मलेल्या गोऱ्या पोरालासुद्धा आपला ब्रिटिश पासपोर्ट नाहीतर तसा दुसरा पुरावा दाखवावा लागतो. यामागं त्यांचा 2006 चा इमिग्रेशनचा कायदा आहे. ज्याला काम करायची परवानगी नाही असा माणूस कामावर सापडला आणि कंपनीनं आधी चेक केलेला नसला तर दंड होतो, आणि 13 फेब्रुवारी 2024 पासून हा दंड पहिल्यांदा सापडले तर एका माणसामागं 45,000 पाउंडापर्यंत आणि पुन्हा सापडले तर 60,000 पाउंडापर्यंत केलाय. म्हणजे आपल्या पैशात जवळपास अर्धा कोटी रुपये. एवढा दंड डोक्यावर असल्यावर कोणती एचआरवाली बाई "बरं बेटा, कोड नंतर दे" म्हणणार? आणि हा चेक कामाच्या पहिल्या दिवसाच्या आधीच व्हावा लागतो, म्हणून त्या घाई करतात.

आता कोडचं. गावातले लोक सांगतात ते ओटीपीच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे, पण शेअर कोड म्हणजे ओटीपी नाही. पूर्वी तिकडं बीआरपी नावाचं प्लास्टिकचं कार्ड मिळायचं, तुमच्या पोरीजवळ पण असेल एखादं जुनं. ती कार्डं 31 डिसेंबर 2024 ला संपली आणि आता सगळं ई-व्हिसावर आलंय, म्हणजे तिची परवानगी होम ऑफिसच्या, म्हणजे तिकडच्या गृहखात्याच्या, कॉम्प्युटरमधे तिच्या नावावर नोंदलेली आहे. हे असं समजा की बँकेनं कर्ज देताना तुम्ही नेलेल्या झेरॉक्सकडं न बघता स्वतः ऑनलाइन तुमचा सातबारा उघडून पाहावा. शेअर कोड म्हणजे तो सातबारा उघडून पाहायची परवानगी.

पोरीनं करायचं काय तर यूके सरकारच्या वेबसाइटवर, जिचा पत्ता जीओव्ही डॉट यूके असाच संपतो, तिथं आपल्या यूकेव्हीआय (तिकडचं व्हिसाचं सरकारी ऑफिस) अकाउंटमधे लॉगिन करायचं, कशासाठी कोड पाहिजे असं विचारतात तिथं काम करायचा हक्क दाखवायला हे निवडायचं, की 9 अक्षर-आकड्यांचा कोड येतो. कामाचा कोड डब्ल्यूनं सुरू होतो. घर भाड्यानं घेताना मालकाला द्यायचा कोड वेगळा असतो, तो आरनं सुरू होतो, आणि पोरं बऱ्याचदा घाईत तोच एचआरला पाठवून देतात, मग तो चालत नाही. कोड 90 दिवस चालतो, संपला तर नवीन काढायचा, कितीदाही काढा, फुकट आहे. एचआरला द्यायच्या फक्त दोन गोष्टी, हा कोड आणि जन्मतारीख. तेवढ्यावर त्या सरकारच्याच साइटवर एम्प्लॉयरच्या पानावर जातात, तिथं त्यांना पोरीचा फोटो, नाव, कोणतं काम करता येतं आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं दिसतं. मग तो फोटो आणि समोरची पोरगी एकच आहे का हे प्रत्यक्ष नाहीतर व्हिडिओ कॉलवर बघतात, आणि त्या पानाची प्रत फाइलला ठेवतात. बँकेचं खातं, पासवर्ड, यातलं काही त्यांना दिसत नाही.

म्हणून खूण लक्षात ठेवा. कोड आणि जन्मतारीख मागणारी एचआर ठीक आहे. पण कोणी जर लॉगिनचा पासवर्ड मागितला, मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, नाहीतर "चेकची फी" म्हणून पैसे मागितले, तर ती कंपनी नाही, तिथंच फोन ठेवायचा. आणि पोरीनं स्वतःच्या ई-व्हिसाचा स्क्रीनशॉट पाठवून काम भागणार नाही, कंपनीला कोड टाकून स्वतःच पाहावं लागतं, नाहीतर दंडाच्या वेळी त्यांचा बचाव टिकत नाही.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची, आणि यावर जरा जास्त लिहितो कारण आपल्या भागातल्या पोरांचं काम इथंच अडतं. व्हिसा एजंटनं केला म्हणता, तर फॉर्म भरताना ईमेल आणि मोबाइल नंबर कोणाचा टाकला होता? अनेक एजंट स्वतःचाच ईमेल टाकतात, सगळ्या पोरांना एकच. यूकेव्हीआयच्या खात्यात घुसायला पासपोर्ट नाहीतर बीआरपीचा नंबर, जन्मतारीख आणि मग त्या ईमेलवर किंवा मोबाइलवर येणारा कोड लागतो. तो जर एजंटच्या मोबाइलवर जात असेल तर पोरगी लेस्टरमधे बसून नोकरीसाठी याच्या तोंडाकडं बघत राहील, आणि तो जे "पक्कं पत्र" दोन लाखाला विकतोय ते बहुतेक हाच फुकटचा कोड काढून द्यायचा धंदा आहे. तेव्हा आज रात्रीच पोरीला सांगा की लॉगिन करून बघ, आणि ईमेल, मोबाइल दोन्ही स्वतःचे करून घे. भारतातलं सिम टाकलेलं असेल आणि ते रिचार्ज न केल्यानं बंद पडलं असेल तर तोही घोळ आत्ताच निस्तरायचा. लॉगिनच होत नसेल तर त्याच साइटवर खातं परत मिळवायची सोय आहे, तीही फुकट, फक्त वेळ लागू शकतो म्हणून जॉइनिंगच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. नवीन पासपोर्ट काढला असेल तर त्याचा नंबरही खात्यात अपडेट करायचा, आणि जुनं बीआरपी कार्ड कचरा समजून फेकू नका.

दुसरं म्हणजे नाव. आपल्या दहावी बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग पोरीचं नाव, मग तुमचं नाव. पासपोर्टवर पोरीचं आणि तुमचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात. ई-व्हिसावर पासपोर्टसारखं येतं. आणि पोरीनं सीव्हीवर लिहिलं असेल फक्त नाव आणि आडनाव. एचआरला वाटतं ही तीन वेगळी माणसं का काय! तर कंपनीच्या प्रत्येक फॉर्मवर नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट, आणि मार्कशीटवरचा क्रम उलटा का आहे हे एका ओळीत ईमेलमधे आधीच कळवून टाकायचं. एवढ्यानं भागतं, गॅझेट वगैरे करायची गरज नाही. स्पेलिंगच वेगळं असेल तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे, मला लिहा.

तुम्ही विचारलेले दाखले, डोमिसाईल, पोलीस पाटील, तहसीलदार, यातलं काहीच तिथं लागत नाही. सेतूत जाऊन दिवस आणि पैसे घालवू नका, सोयाबीनची सवंगणी तोंडावर आहे. तिला नॅशनल इन्शुरन्स नंबर मिळाला असेल, तोही काम करायच्या हक्काचा पुरावा नाही, तो टॅक्सच्या कामाचा, पगार सुरू झाला की लागतोच.

एजंटच्या "वर्क परमिट"बद्दल. ग्रॅज्युएट व्हिसावर असताना वेगळं वर्क परमिट लागतच नाही. त्या व्हिसावर व्यावसायिक खेळाडूचं काम सोडलं तर जवळपास कोणतीही नोकरी करता येते, फुल टाइम पण. स्टुडंट व्हिसावर असताना कॉलेज चालू असलं की आठवड्याला 20 तासांची मर्यादा होती ती आता नाही. म्हणजे आज तिच्याकडं पूर्ण हक्क आहे आणि तो होम ऑफिसच्या रेकॉर्डवर आहे, जे आहेच ते हा माणूस विकतोय.

आणि त्या फॉर्मवरच्या प्रश्नाचं. तिथं दोन प्रश्न वेगवेगळे असतात ते नीट वाचायला सांगा. एक असतो की आज तुला यूकेमधे काम करायचा हक्क आहे का, त्याचं उत्तर छातीठोक हो. दुसरा असतो की आता किंवा पुढं स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठी कंपनीनं पाठीशी उभं राहणं, लागेल का. तर तिचा व्हिसा संपल्यावर तिथंच राहायचं असेल तर लागेल, कारण ग्रॅज्युएट व्हिसा वाढवून मिळत नाही. मग तिथं "नाही" लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, आणि कोड टाकल्याबरोबर व्हिसाची शेवटची तारीख एचआरच्या समोर येते, तेव्हा खोटं लगेच उघडं पडतं आणि हातातली नोकरी जाते. मला हा सल्ला देणाऱ्यांचा फार राग येतो, पोरीचं करिअर पणाला लावून हे मोकळे. तिनं सरळ लिहावं की अमुक तारखेपर्यंत मला कोणाचीही स्पॉन्सरशिप लागत नाही, त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर मिळणारा नोकरीचा व्हिसा, लागेल. काही कंपन्या यावर नाही म्हणतील, म्हणू द्या, ज्यांना तुमची पोरगी पाहिजे त्या थांबतात.

त्या स्किल्ड वर्करचंही आत्तापासून डोक्यात ठेवा. 22 जुलै 2025 पासून त्यासाठी साधारण पगाराची अट वर्षाला 41,700 पाउंड केलीय, पण ग्रॅज्युएट व्हिसावरून जाणाऱ्यांना नवीन उमेदवार म्हणून सवलत आहे, तिथं किमान 33,400, आणि तिच्या कामाचा जो ठरलेला दर असेल त्याच्या 70 टक्के, यात जे जास्त असेल ते. काम पण पदवीच्या दर्जाचं पाहिजे. आणि कंपनीकडं स्पॉन्सरचं लायसन्स पाहिजे, ती यादी सरकारनं वेबसाइटवर सगळ्यांना उघडी ठेवलीय, तिनं आजच या कंपनीचं नाव त्यात शोधावं. लायसन्स असेल आणि ऑफरमधला पगार या आकड्याच्या जवळ असेल तर दोन वर्षांनी गोष्ट सोपी जाईल. नसेल तरी नोकरी सोडू नका, पहिला अनुभव महत्त्वाचा आहे, फक्त सहा महिन्यांनी एचआरशी या विषयावर बोलायचं हे तिनं कॅलेंडरमधे टाकून ठेवावं. व्हिसा संपत आला की कंपनी पुन्हा चेक करते, तेव्हा नवीन अर्ज जुना व्हिसा संपायच्या आत गेलेला पाहिजे, मग निर्णय येईपर्यंत काम चालू ठेवता येतं आणि कंपनी होम ऑफिसलाच विचारून खात्री करून घेते.

(गावातलं अजून कोणी यंदा एमएस्सीला चाललं असेल तर त्यांना सांगा, 1 जानेवारी 2027 पासून जे ग्रॅज्युएट व्हिसाला अर्ज करतील त्यांना दोन वर्षांऐवजी 18 महिनेच मिळणार आहेत, पीएचडीवाल्यांचे तीन वर्षं तसेच. एज्युकेशन लोनचे हप्ते धरताना हा हिशोब करूनच जायचं.)

आता लहान्याचं. व्हिजिट व्हिसा म्हणजे फिरायला जायचा व्हिसा, त्यावर दुबईत काम करणं बेकायदा आहे, पकडला तर दंड आणि परत पाठवणी, आणि पगार बुडवला तर तक्रार कोणत्या तोंडानं करायची. तिकडच्या नोकरीत मालकानं आधी वर्क परमिट काढायचं असतं आणि एंट्री परमिट नोकरीचं यायला पाहिजे. आयटीआय केलाय म्हणजे दहावी पास असेल, तर त्याचा पासपोर्ट ईसीएनआर प्रकारचा निघेल, त्याला एमिग्रेशन क्लिअरन्सची, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधीच्या सरकारी मंजुरीची, गरज पडणार नाही, पण म्हणूनच त्याच्या कागदांवर मधे कोणी सरकारी माणूस नजर टाकणार नाही, ती तुम्हालाच टाकावी लागेल. आपल्याकडं 1983 चा एमिग्रेशन ॲक्ट आहे, परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटला केंद्र सरकारची नोंदणी लागते, आणि तो पोराकडून सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, पावती देऊन. ई-मायग्रेट नावाच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे. त्या माणसाला फक्त त्याचा नोंदणी नंबर आणि कंपनीचं करारपत्र मागा. नंबर दिला तर मला पाठवा, आपण पोर्टलवर सोबत पाहू, आणि टाळाटाळ करायला लागला आणि पोराचा पासपोर्ट त्याच्याकडं दिलेला असेल तर तो त्याच दिवशी परत आणा.