टाचेच्या ऑपरेशनसाठी एफडी मोडू का?

ताई, दादरला साडीच्या दुकानात तुम्ही रोज दहा तास उभ्या असता, पगार 22,000. आठ महिने टाच दुखतेय, सकाळी पहिलं पाऊल टेकवताना खिळा टोचल्यासारखं होतं. सर्जननी ऑपरेशनचा खर्च 1,60,000 सांगितलाय आणि मुलीच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली 3 लाखांची एफडी मोडायचं तुमच्या मनात आहे.

आत्ता मोडू नका.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडकलो. फिजिओथेरपीला चारदा गेलात आणि लोकलच्या गर्दीत जमेना म्हणून सोडलीत. तुमच्या या दुखण्याचे, म्हणजे प्लांटर फॅशिआयटिसचे (टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पट्टा दुखावतो तो आजार) बहुतेक पेशंट पोटरी-तळव्याच्या स्ट्रेचिंगने, योग्य चपलेने बरे होतात, पण महिने लागतात. सहा ते बारा महिने हे नेटाने करूनही फरक पडला नाही, तरच साधारणपणे ऑपरेशनचा विचार होतो. तुम्ही आठ महिने दुखणं काढलंत, उपचार जेमतेम दोन आठवडे झाले. एक्स-रेत वाढलेलं हाड दिसलं म्हणून घाबरू नका, काहीही दुखत नसलेल्यांच्या टाचेतही ते सापडतं. परळच्या केईएमच्या ऑर्थोपेडिक ओपीडीत एकदा दाखवा. अर्धा दिवस जाईल, पैसे फार लागणार नाहीत.

आता हिशेब. 1,60,000 हा फक्त हॉस्पिटलचा आकडा. ऑपरेशननंतर दिवसभर उभं राहायला दोन-तीन महिने लागू शकतात आणि तुमची रजा बिनपगारी. दोन महिने धरले तरी 44,000 गेले, म्हणजे 2,04,000. शिवाय दुखणं राहू शकतं, नसेला इजा होऊ शकते.

तुमची 5 लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी (अख्ख्या कुटुंबाचा मिळून एकच आरोग्य विमा) घेऊन 14 महिने झालेत, दुखणं त्यानंतरचं. काही ठरावीक आजारांना वेटिंग पीरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ क्लेम मिळत नाही; त्या यादीत हे ऑपरेशन येतं का, ते कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. केसपेपरवर दुखणं कधीपासूनचं लिहिलंय तेही आजच बघा. तिथे चुकून 'दोन वर्षं' पडलं असेल तर दुखणं पॉलिसीच्या आधीचं ठरेल आणि क्लेम अडकेल. डॉक्टरांना सांगून दुरुस्त करून घ्या. फिजिओचा खर्च बहुतेक खिशातूनच जाईल, तो मात्र हात आखडता न घेता करा.

सहा महिन्यांनीही ऑपरेशन लागलंच आणि क्लेम बसला नाही, तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून बँकेकडून उचल. व्याजदर एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतो, पण ठेव शाबूत राहते.

आणि उद्याच शेठकडे काउंटरमागे एक स्टूल मागा.